ग्रामीण बँका एकत्र झाल्या, पण कर्जाचा निर्णय कुठे होणार?

तुम्ही विचारलंय की १ मे २०२५ पासून 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' लागू झालं, ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या, तर याने देशाच्या आर्थिक विकासाला खरंच काही फायदा होणार का, आणि पुढे हेही विचारलंय की मग सरळ प्रायोजक बँकेतच (ग्रामीण बँकेत भांडवल घालून तिला आधार देणाऱ्या मोठ्या व्यापारी बँकेत) का नाही विलीन करून टाकल्या. मी ग्रामीण बँकेतच नोकरी केली, आधी शाखेत मग क्षेत्रीय कार्यालयात कर्ज विभागात, विलीनीकरण आतून बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगून टाकतो की विलीनीकरणाने बँक मजबूत होते यात मला शंका नाही. पण बँक मजबूत झाली म्हणून गावातला धंदा आपोआप वाढत नाही, तो वाढतो लहान माणसाला वेळेवर कर्ज मिळाल्याने, आणि ते मिळणार की नाही हे ठरतं मंजुरीचा अधिकार शाखेत राहतो का वर सरकतो यावर. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसला की चर्चा भलतीकडे जाते. १९७५ साली नरसिंहम कार्यगटाने कल्पना मांडली की सहकारी सोसायटीला गावाची जाण असते पण शिस्त आणि पैसा कमी, आणि मोठ्या व्यापारी बँकेकडे पैसा आणि शिस्त असते पण गावाची जाण नाही, तर दोन्हींचं चांगलं घेऊन वेगळी बँक काढा. २ ऑक्टोबर १९७५ ला पहिल्या पाच बँका सुरू झाल्या, त्यातली मुरादाबादची प्रथमा बँक सगळ्यात पहिली. भांडवल केंद्राचं ५० टक्के, राज्याचं १५ आणि प्रायोजक बँकेचं ३५, ही रचना आजही तीच आहे. एकेक बँक दोनचार जिल्ह्यांपुरती, स्थानिक मुलं नोकरीला, पगार राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या आसपास, म्हणजे खर्च कमी. असं करत करत १९६ बँका झाल्या.

मग गणित बिघडलं. कर्ज द्यायचं फक्त दुर्बल घटकाला, व्याजदर ठरलेला, वसुली कमी, आणि १९९० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या वादावर ओबुल रेड्डी न्यायाधिकरणाचा निवाडा आला, पगार व्यापारी बँकांच्या बरोबरीने झाले. पगार वाढले ते न्याय्यच होतं, काम तेवढंच होतं. पण स्वस्तातली बँक हा जो पाया होता तोच गेला आणि ९० च्या दशकाच्या सुरुवातीला १९६ पैकी बहुतेक बँका तोट्यात होत्या. २००४ मध्ये व्यास समितीने एकत्रीकरण सुचवलं आणि २००५ पासून पहिला टप्पा सुरू झाला, १९६ च्या २०१० पर्यंत ८२, मग २०१२ नंतर दुसऱ्या टप्प्यात ५६, २०१९ नंतर तिसऱ्यात ४३ आणि आता २८. म्हणजे वीस वर्षं चाललेली गोष्ट आहे ही, अचानक झालेलं काही नाही.

महाराष्ट्राचंच घ्या. आपल्याकडे दहा ग्रामीण बँका होत्या: मराठवाडा, औरंगाबाद-जालना, ठाणे, सोलापूर, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, चंद्रपूर-गडचिरोली, भंडारा, अकोला, यवतमाळ, बुलडाणा. पहिल्या टप्प्यात नियम असा होता की एकाच प्रायोजक बँकेच्या ग्रामीण बँका एकत्र करायच्या, नकाशा बघायचा नाही. त्यामुळे ठाणे आणि औरंगाबाद-जालना एकत्र आल्या, मध्ये अख्खे जिल्हे सोडून, कारण दोन्हींची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. २००९ मध्ये त्यात नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. दुसरीकडे २०१३ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या छत्राखाली विदर्भ कोंकण ग्रामीण बँक झाली, ज्यात सोलापूर पण होतं, सिंधुदुर्ग पण आणि गडचिरोली पण. आता २०२५ ला या दोन्ही मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. निदान आता नकाशा तरी सलग झाला, ही या टप्प्यातली चांगली गोष्ट.

आता फायदे, आणि ते खरे आहेत. सगळ्यात मोठा म्हणजे जोखीम वाटली जाते. एक बँक दोन जिल्ह्यांत आणि दोन्ही जिल्हे कोरडवाहू, सोयाबीन-कापसावर चालणारे, मग पाऊस गेला की एकाच हंगामात अर्धी कर्जं एकदम थकतात, बँकेचं भांडवलच खचतं, आणि भांडवल खचलं की पुढच्या वर्षी नवीन कर्ज द्यायला बँक बिचकते. म्हणजे शेतकऱ्याला ज्या वर्षी सगळ्यात जास्त गरज त्याच वर्षी बँक हात आखडते. २०१४ आणि २०१५ ला मराठवाड्यात लागोपाठ पाऊस कमी झाला तेव्हा हे स्पष्ट दिसलं. बँक अख्ख्या राज्याची असली तर कोकणातलं गृहकर्ज, पश्चिमेकडचा दूधधंदा आणि मराठवाड्यातलं पीक कर्ज एकाच वहीत येतात, एकाने दगा दिला तरी दुसरं सांभाळून घेतं. देशाच्या दृष्टीने हा फायदा मोठा आहे कारण दुष्काळानंतरचा कर्जपुरवठा टिकतो.

यात एक गोष्ट मात्र लोक विसरतात. पाऊस जिल्ह्या-जिल्ह्यात वेगळा पडतो पण कर्जमाफी अख्ख्या राज्यात एकदम लागते. २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी आठवा, घोषणा व्हायच्या आधीपासूनच वसुली थंडावते, नियमित भरणारा सुद्धा थांबतो की बघू काय होतं ते. आता बँकेचं अख्खं कर्ज एकाच राज्यात आहे, तर त्या धक्क्यापासून एक राज्य एक बँक काहीही संरक्षण देत नाही. उलट आधी दोन बँका असताना ताळेबंद तरी दोन होते.

दुसरा फायदा तंत्रज्ञानाचा. कोअर बँकिंग (सगळ्या शाखा जोडणारी संगणक यंत्रणा), मोबाईल ॲप, यूपीआय, सायबर सुरक्षा या सगळ्याचा खर्च बँक लहान असो का मोठी, बराचसा सारखाच येतो. तीनशे शाखांवर तो वाटला तर अंगावर येतो, हजारभर शाखांवर वाटला तर पेलतो. इंटरनेट बँकिंग द्यायला तर रिझर्व्ह बँकेच्या भांडवल आणि एनपीएच्या (थकून अडकलेल्या कर्जांच्या) अटी आहेत, त्यात लहान बँका अडकायच्या, आणि मग गावातला शिकलेला पोरगा पगाराचं खातं दुसरीकडे काढायचा. त्याच्या मागे घरातल्या ठेवी पण जातात. हे मी बघितलंय, आणि ठेवी गेल्या की कर्ज कुठून देणार.

तिसरा, भांडवल. नव्या प्रत्येक विलीन बँकेचं अधिकृत भांडवल २००० कोटी ठेवलंय. बँक मोठी झाली की एका कर्जदाराला द्यायची मर्यादा वाढते, शेतकरी उत्पादक कंपनीला गोदाम, डाळ मिल, शीतगृह असली कर्जं जी आधी हातातून जायची ती आता देता येतील. गावात शेतीबाहेरचा रोजगार यातूनच उभा राहतो.

आता इथे एक गैरसमज दूर करतो. पेपरात वाचलं असेल की ग्रामीण बँकांचा नफा विक्रमी झाला आणि लोक म्हणतात बघा विलीनीकरणाची कमाल. आकडे खरे आहेत. २०१९-२० ला सगळ्या मिळून २२०८ कोटी तोटा होता आणि २०२३-२४ ला ७५७१ कोटी नफा, एनपीए ६.१ टक्के म्हणजे तोवरच्या दहा वर्षांतला सगळ्यात कमी, भांडवल पर्याप्तता (कर्जाच्या जोखमीच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल) १४.२ टक्के. पण नीट बघा, २०२० ते २०२४ मध्ये बँकांची संख्या ४५ वरून ४३ एवढीच बदलली. म्हणजे या काळात विलीनीकरण जवळजवळ झालंच नाही. २०१९-२० चा तोटा मुख्यतः पेन्शनच्या तरतुदीमुळे होता, सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाने पेन्शन लागू झालं त्याचा बोजा एकदम आला. आणि नंतरची सुधारणा आली ती २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन वर्षांत केंद्र, राज्यं आणि प्रायोजक बँकांनी मिळून टाकलेल्या १०,८९० कोटींच्या भांडवलाने आणि वसुली सुधारल्याने. सांगायचा मुद्दा हा की बँकेत पैसा घातला आणि वसुलीवर लक्ष दिलं तर बँक सुधारते, एकत्र न करताही सुधारते. एकत्र करणं हे त्याला पूरक आहे, पर्याय नाही.

मग देशाच्या विकासाचं काय? ग्रामीण बँकांचा वाटा एकूण बँकिंग मालमत्तेत तीन टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे जीडीपीच्या आकड्यात याचा परिणाम शोधायला गेलात तर काही सापडणार नाही. पण माणसं मोजा. मार्च २०२४ ला २२,०६९ शाखा, ३१.३ कोटी ठेव खाती, ३ कोटी कर्ज खाती. यातले बहुतेक लोक असे की ज्यांना दुसरी बँक दारात उभी करत नाही, आणि पर्याय म्हणजे सावकार नाहीतर मायक्रोफायनान्सचं वीस टक्क्यांच्या वरचं व्याज. या माणसाचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं का चोवीस टक्क्यांनी, यावर त्याचं पोर कॉलेजात जातं का ऊसतोडीला, ते ठरतं. विकास म्हणजे शेवटी अशाच लाखो घरांची बेरीज.

याला पुरावा पण आहे. १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता की जिथे आधीच बँक आहे तिथे एक शाखा काढायची असेल तर जिथे बँक नाही अशा चार ठिकाणी आधी काढा. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की या विस्ताराने ग्रामीण गरिबी कमी झाली, आणि गंमत म्हणजे शेतीचं उत्पादन फारसं वाढलं नाही, वाढलं ते शेतीबाहेरचं, लहान धंदे, कारागिरी, वाहतूक, दुकानं. त्यावर नंतर वादही झाले आणि त्या काळात थकबाकीही प्रचंड होती हे मान्यच आहे. पण शाखेतला अनुभव हेच सांगतो, पीक कर्जाने माणूस तग धरतो आणि म्हशीच्या, शिलाई मशीनच्या, टेम्पोच्या कर्जाने वर येतो.

दुसरा पुरावा अमेरिकेतला, होआई-लू न्गुयेन यांचा २०१९ चा. तिथे दोन मोठ्या बँका एकत्र झाल्या की शेजारशेजारच्या शाखांपैकी एक बंद करतात, तर अशा बंद झालेल्या शाखेच्या आसपास लहान धंद्यांची कर्जं घटली आणि काही वर्षं घटलेलीच राहिली, परिसरात दुसऱ्या बँका असून सुद्धा. आणि परिणाम फार तर दहा किलोमीटरपर्यंतच. म्हणजे माहिती त्या शाखेतल्या माणसाकडे होती, तो गेला आणि माहितीही गेली, दुसऱ्या बँकेला तो कर्जदार नवखा.

आपल्याकडे शाखा बंद पडायचा धोका तेवढा नाही, कारण ग्रामीण बँकांचे जिल्हे आधीपासून वेगवेगळे ठरलेले होते, दोन ग्रामीण बँकांच्या शाखा समोरासमोर असं सहसा नव्हतंच. शिवाय ग्रामीण शाखा बंद करायची तर जिल्हा सल्लागार समितीची संमती लागते. म्हणून 'शाखा बंद करणार का' हा प्रश्न लोक विचारतात तो मला दुय्यम वाटतो. शाखा उघडीच राहते. पाटी तीच, कॅशियर तोच, बँक मित्र (गावात मशीन घेऊन पैसे देणारा बँकेचा प्रतिनिधी) तोच. बदलतं ते आतलं, मॅनेजरच्या हातात काय उरलं ते.

हे नीट समजावं म्हणून एक प्रसंग सांगतो, नाव-गाव सोडून. एक शेतकरी, चार एकर कोरडवाहू, सातबारा अजून वडिलांच्या नावावर, वडील मागच्या वर्षी वारलेले, वारस फेरफार तलाठ्याकडे पडलेला. वडिलांच्या नावावर नव्वद हजाराचं पीक कर्ज, दरवर्षी न चुकता नवं-जुनं होणारं. मे महिन्याचा शेवट. पूर्वी काय व्हायचं तर मॅनेजर त्या घराला ओळखायचा, भाऊ किती, बहिणींचं म्हणणं काय, वाद आहे का नाही, हे त्याला चहाच्या टपरीवर सुद्धा कळायचं. तो भावांना बोलावून घ्यायचा, संमतीपत्र घ्यायचा, फेरफाराची पोच फाईलला लावायचा, थोरल्याला कर्जदार करून आपल्या अधिकारात मंजूर करायचा, बोजा फेरफार झाल्यावर चढवायचा. आठ दिवसांत पैसे खात्यात, बियाणं वेळेवर. विलीनीकरण झालं आणि कर्ज मंजुरी क्षेत्रीय कार्यालयातल्या सेलकडे गेली. फाईल स्कॅन होऊन वर गेली, दहा दिवसांनी शेरा आला 'फेरफार मंजूर झाल्यावर सादर करावे'. शेरा लिहिणारा चुकीचा नव्हता, त्याच्यासमोर कागद होते आणि कागदावर जमीन मेलेल्या माणसाची. जुलैच्या मध्याला फेरफार झाला तोवर पेरणी होऊन गेलेली, बियाणं खत कृषी केंद्रातून उधारीवर, हंगामावर चढ्या भावाने. आणि जुनं कर्ज वेळेत न भरल्याने व्याज सवलत पण गेली, म्हणजे जे चार टक्क्यांनी किंवा राज्याची सवलत धरून त्याहून कमीत पडलं असतं ते पूर्ण व्याजाने बसलं.

या प्रकरणात कोणी भ्रष्ट नाही, कोणी आळशी नाही. फक्त निर्णय ज्याला माहिती होती त्याच्याकडून ज्याला माहिती नाही त्याच्याकडे गेला. असं हजारो फायलींत होतं तेव्हा जिल्ह्याचा हंगाम मागे पडतो, आणि वार्षिक अहवालात त्याचा एक आकडाही दिसत नाही कारण कर्ज 'वाटप' तर झालंच, जुलैत झालं.

बरं असं का होतं, मोठी बँक मुद्दाम करते का? नाही, हिशोबच तसा आहे. पन्नास हजाराच्या कर्जावर तीन टक्के मार्जिन धरलं तर वर्षाला पंधराशे रुपये सुटतात, त्यात अधिकाऱ्याने एकदा शेतावर जायचं, सातबारा ऑनलाईन तपासायचा, वसुलीला दोनदा फोन करायचा. पन्नास लाखाच्या एका कर्जावर तेच तीन टक्के म्हणजे दीड लाख, आणि कामाचा ताण फार तर तीनपट-चारपट. लहान बँकेकडे पन्नास लाखाचे गिऱ्हाईकच कमी होते, त्यामुळे नाइलाजाने का होईना ती लहान कर्जात राहायची. मोठी झाली की पर्याय खुला होतो, टार्गेट रकमेत दिलं जातं, खात्यांच्या संख्येत दिलं जात नाही, मग मॅनेजर कुठे पळेल ते तुम्हीच बघा. गृहकर्ज, सोनेतारण, पगारदारांचं कर्ज, हे सगळं वाढतं. वाईट नाहीये ते, बँकेला तेही पाहिजे. पण गाडं तिकडेच कललं तर ग्रामीण बँक वेगळी ठेवण्याचं कारणच उरत नाही.

कोणी म्हणेल की ग्रामीण बँकेला ७५ टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्रालाच (शेती, लहान उद्योग, दुर्बल घटक अशा ठरवून दिलेल्या गटांना) द्यावं लागतं, मग काळजी कशाची. बरोबर आहे, आणि हा नियम फार मोलाचा आहे. पण प्राधान्य क्षेत्र म्हणजे लहान कर्जच असं नाही, गोदामाचं मोठं कर्ज त्यात येतं, मध्यम उद्योगाचं येतं. लहान आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी वेगळं उद्दिष्ट आहे ते १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १५. म्हणजे ७५ ची अट पूर्ण करूनही बँक हळूहळू मोठ्या कर्जाकडे सरकू शकते, नियम न मोडता.

आणखी एक गोष्ट जी वरून दिसत नाही, ती म्हणजे जिल्ह्याची ठेव जिल्ह्यात राहते का. बँक दोन जिल्ह्यांची होती तेव्हा तिथल्या ठेवी तिथेच कर्जाऊ जायच्या, दुसरीकडे न्यायला जागाच नव्हती. राज्यभराची झाली की मागास जिल्ह्यातली ठेव जिथे कर्जाला मागणी आणि वसुली चांगली तिकडे वाहते. बँकेच्या एकूण ताळेबंदात ठेव-कर्ज प्रमाण (शंभर रुपये ठेवीमागे कर्ज किती) छान दिसतं पण आत एखादा जिल्हा ४० टक्क्यांच्या खाली गेलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ४० च्या खालच्या जिल्ह्यांसाठी विशेष उपसमिती नेमायची तरतूद आहे, पण त्या बैठकांत खरी चर्चा किती होते हे जिल्हा अग्रणी बँकेच्या मॅनेजरला विचारा.

विलीनीकरणानंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष तर वेगळंच. दोन कोअर बँकिंग सिस्टीम एक करायच्या, आयएफएससी बदलतात, आधार मॅपिंग (सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे ती आधारची जोडणी) नवीन बँकेच्या क्रमांकावर न्यायचं, आणि यात काही खाती अडकली की निराधार योजनेचे, पीएम किसानचे पैसे कुठे गेले ते कळत नाही. म्हातारी माणसं तीन-तीन वेळा शाखेत येतात. बँक मित्राचं मशीन चार दिवस बंद. शहरात हे चार दिवस कोणाला जाणवत नाहीत, तिकडे चार दिवस म्हणजे औषध थांबतं. माझं ठाम मत आहे की डेटा मायग्रेशन मे-जून मध्ये किंवा मार्चएंडला कधीच करू नये, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास करावं जेव्हा खरीपाचं वाटप संपलेलं असतं आणि वसुलीचा जोर अजून यायचा असतो. हे साधं आहे पण तारखा वरून ठरतात.

मग माणसांचा प्रश्न. दोन बँकांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या एक करायच्या, एकीकडे प्रमोशन लवकर झालेली दुसरीकडे उशिरा, त्यावरून कोर्टकचेऱ्या होतात आणि चांगली माणसं वर्षानुवर्षं नाराज राहतात. बदल्या राज्यभर. कोकणात भात आणि आंब्याची कर्जं बघितलेला अधिकारी यवतमाळला जातो, त्याला कापसाच्या वेचणीचं आणि पैसा हातात येण्याचं वेळापत्रक कळायला दोन हंगाम जातात, आणि कळेपर्यंत पुढची बदली. बाहेरच्या जगाचं बघून शिकतो तोही, मी बदलीच्या विरोधात नाही, भ्रष्टाचार रोखायला ती लागतेच. पण ग्रामीण शाखेत निदान चार वर्षं आणि शक्यतो त्याच पीक पट्ट्यात, एवढं तर धोरण करता येईल ना.

म्हणून मला कोणी विचारलं की हे विलीनीकरण देशाच्या फायद्याचं झालं का तोट्याचं, हे कशावरून ओळखायचं, तर मी नफा आणि एनपीए बघणार नाही, ते सुधारतीलच. मी बघेन दोन लाखाच्या आतली कर्ज खाती किती वाढली, कारण २०२५ पासून दोन लाखापर्यंत शेती कर्ज तारणाशिवाय देता येतं आणि खरी परीक्षा तिथेच आहे. पीक कर्जाचं किती वाटप १५ जूनच्या आत झालं ते बघेन. पहिल्यांदा कर्ज घेणारे किती, बचत गटातल्या बाईला गटाच्या कर्जातून बाहेर पडून स्वतःच्या नावाने धंद्याचं कर्ज मिळालं का, जिल्हावार ठेव-कर्ज प्रमाण काय, आणि शाखेत अधिकारी किती उरले. हे आकडे बँकेकडे असतात, सिस्टीममधून एका दिवसात निघतात, फक्त कोणी मागत नाही. आमदार-खासदार जिल्हा समितीच्या बैठकीत बसतात त्यांनी मागावेत.

माझ्या मते करायचं ते असं की जे वर एकत्र केल्याने स्वस्त होतं ते सगळं वर न्या: तंत्रज्ञान, गुंतवणूक, ऑडिट, भरती, सायबर सुरक्षा, पुनर्वित्त (कर्ज द्यायला बँकेने स्वतः बाहेरून उचललेला पैसा). आणि तीन लाखापर्यंतच्या कर्जाचा पूर्ण अधिकार शाखेत ठेवा, मॅनेजरला जबाबदार धरा पण वसुलीच्या पाच वर्षांच्या सरासरीवर, एका दुष्काळी वर्षावर नाही. कारण चौकशीची भीती हे मंजुरी वर ढकलण्याचं खरं कारण आहे, नियम नंतर. मॅनेजरला माहीत असतं की न दिलेल्या कर्जासाठी कधीच कोणाला चार्जशीट मिळत नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, सरळ प्रायोजक बँकेत विलीन का नाही. ही सूचना नवीन नाही, १९८९ मध्ये खुसरो समितीने हेच म्हटलं होतं, आणि कर्मचारी संघटनाही वर्षानुवर्षं एकतर प्रायोजक बँकेत विलीनीकरण नाहीतर देशभराची एक राष्ट्रीय ग्रामीण बँक मागतायत. कर्मचारी म्हणून त्यांचं म्हणणं मला समजतं, एकाच कामाला दोन दर्जे हे कोणालाच आवडणार नाही. प्रायोजक बँकच स्पर्धक पण आहे आणि अध्यक्षही तिकडूनच येतो, हा गुंता आहे हेही खरं. पण प्रायोजक बँकेत गेलं की ७५ टक्क्यांची अट जाऊन तिथे ४० ची लागू होते. ग्रामीण बँकेचं आजचं सगळं लहान कर्ज त्या मोठ्या ताळेबंदात मिसळून जाईल, प्रायोजक बँकेचं उद्दिष्ट आरामात पूर्ण होईल आणि नवीन लहान कर्ज द्यायची सक्तीच उरणार नाही. आज ज्या मोठ्या बँकेचं उद्दिष्ट कमी पडतं ती ग्रामीण बँकांकडून लहान शेतकऱ्यांच्या कर्जाची प्रमाणपत्रं विकत घेते, २०१६ पासून हा बाजार आहे, आणि त्यातून ग्रामीण बँकेला लहान कर्ज देण्याचा थोडा तरी मोबदला मिळतो. विलीन केल्यावर तोही संपेल. त्यामुळे राज्याला एक बँक, वेगळी, ७५ च्या अटीसह, इथेच थांबावं असं मला वाटतं, आणि पुढची वीस वर्षं संख्या कमी करण्याऐवजी शाखेत रिकाम्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या जागा भरण्यात घालवावीत, कारण आजही कित्येक शाखा एक अधिकारी आणि एक क्लार्क यांच्यावर चालल्यात आणि त्यातला एक रजेवर गेला की त्या दिवशी कर्जाचं काम बंद असतं.